वजनाचं इंजेक्शन सुरू करण्याआधी

‘वजन उतरवायचं इंजेक्शन निघालंय म्हणे, घ्यावं का?’ हा प्रश्न आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यातून आणि आसपासच्या गावांतूनही तो वारंवार येतो. कुणाला शहरातल्या नातेवाइकाने सांगितलेलं असतं, कुणाच्या मुलीचं लग्न जमवायचं असतं, कुणाला गुडघ्यांमुळे सौताडा धबधब्याच्या पायऱ्या चढवत नाहीत, तर कुणाला शुगरच्या गोळ्या वाढतच चालल्याची धास्ती असते.

या सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. ही औषधं खरोखर काम करतात आणि काही जणांसाठी ती मोठा आधार आहेत. मात्र ती बंद केली की वजन बहुधा परत येतं. म्हणून पहिली सुई टोचून घेण्याआधी पुढच्या वर्षाचा विचार करा: गरज आहे का, शरीराला चालेल का, तपासण्यांसाठी जाणं-येणं जमेल का आणि पैसा पुरेल का? या चारही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असेल तरच पुढे जा.

ही औषधं कोणती?

जेवल्यावर आपलं आतडं काही संप्रेरकं सोडतं. त्यामुळे पोट भरल्याची जाणीव होते. ही औषधं त्याच संप्रेरकांसारखी काम करतात. भूक कमी होते आणि पोटातलं अन्न सावकाश पुढे सरकतं.

- सेमाग्लुटाइड: ‘वेगोवी’ हे वजनासाठीचं साप्ताहिक इंजेक्शन जून २०२५ मध्ये भारतात आलं. ‘ओझेम्पिक’ हे इंजेक्शन आणि ‘रायबेल्सस’ ही रोजची गोळी म्हणजे हेच औषध, पण ती मधुमेहासाठी आहेत.
- टिरझेपेटाइड: ‘माउंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. आठवड्यातून एकदा इंजेक्शन.
- लिराग्लुटाइड: याच गटातलं जुनं औषध. इंजेक्शन रोज घ्यावं लागतं.
- ऑरलिस्टॅट: वेगळ्या गटातली गोळी. जेवणातली काही चरबी शोषू देत नाही. परिणाम कमी असतो आणि तेलकट, अनावर शौचाचा त्रास होऊ शकतो.

सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यानंतर देशी कंपन्यांना हेच औषध वेगवेगळ्या नावांनी विकता येतं. म्हणून खोक्यावरच्या मोठ्या नावाऐवजी त्याखाली छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचायची सवय लावून घ्या. नाहीतर दोन नावांनी एकच औषध दोनदा घेतलं जाण्याचा धोका राहतो.

फायदा किती?

- मधुमेह नसलेल्यांवरच्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटलं. औषधाविना इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के घटलं. ८० किलोच्या माणसासाठी १४.९ टक्के म्हणजे सुमारे १२ किलो.
- टिरझेपेटाइडच्या चाचणीत ७२ आठवड्यांत मात्रेनुसार सरासरी १५ ते २१ टक्के वजन घटलं.
- मधुमेह असलेल्यांचं वजन यापेक्षा कमी उतरतं. तुमचं आणि शेजाऱ्याचं वजन सारखं उतरेल असं धरून चालू नका.
- आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या, जादा वजनाच्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ जणांवरच्या चाचणीत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू यांचा एकत्रित धोका २० टक्क्यांनी कमी केला.

दोन गोष्टी मात्र जाहिरातीत दिसत नाहीत. एक, वजन घटवण्याच्या चाचण्यांमधल्या लोकांना औषधासोबत आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शनही मिळत होतं. दोन, सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात सहभागींचं उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलं. रक्तदाबाची गोळी सोडली की रक्तदाब चढतो, तसंच हे आहे. वजन परत आलं यात रुग्णाचा आळस किंवा दोष शोधू नये.

हे औषध तुमच्यासाठी आहे का?

आधी बीएमआय काढा. वजन किलोमध्ये घ्या, त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. भारतात वजनासाठीची ही इंजेक्शनं साधारणपणे अशा प्रौढांसाठी आहेत:

- बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक, किंवा
- बीएमआय २७ किंवा अधिक आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडकणं यांसारखा वजनाशी निगडित आजार.

आकडेमोड नको असेल तर आपली उंची शोधा. पहिलं वजन बीएमआय २७ चं, दुसरं ३० चं:

- १५० सेंमी: ६१ किलो, ६८ किलो
- १५५ सेंमी: ६५ किलो, ७२ किलो
- १६० सेंमी: ६९ किलो, ७७ किलो
- १६५ सेंमी: ७४ किलो, ८२ किलो
- १७० सेंमी: ७८ किलो, ८७ किलो

इथे अनेकांचा गोंधळ होतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात, कारण आपल्याला कमी वजनातही मधुमेह गाठतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून हे दाखवलं होतं. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

यातून दोन गोष्टी घ्या. बारीक दिसता म्हणून तपासणी टाळू नका. बेंबीच्या पातळीवर टेप लावून पोटाचा घेर मोजा. पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमीच्या पुढे गेला तर रक्तातली साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. दुसरी गोष्ट, २५ ला लठ्ठपणा म्हणतात म्हणून २५ ला इंजेक्शन लागतंच असं नाही. लग्नासाठी पाच-सहा किलो उतरवायला ही औषधं नाहीत.

वजन कशामुळे वाढलं तेही आधी पाहा. थायरॉइडची कमतरता, सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, काही मानसिक आजारांवरची औषधं यांनीही वजन वाढतं. अशा वेळी उपचार मूळ कारणावर करावा लागतो. मात्र या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका.

कुणी घेऊ नये, कुणी जपून घ्यावं

घेऊ नये:

- गर्भवती स्त्रियांनी आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी.
- स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झालेल्यांनी.
- या औषधाची आधी तीव्र ॲलर्जी आलेल्यांनी.

डॉक्टरांना आवर्जून सांगावं:

- स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल, पित्ताशयात खडे असतील, किडनीचा त्रास असेल.
- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील. साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून त्यांची मात्रा आधी कमी करावी लागू शकते.
- मधुमेह जुना असेल. साखर झपाट्याने उतरली तर डोळ्यांच्या पडद्याचा त्रास काही जणांत वाढतो. सुरुवातीलाच पडदा तपासून घ्या.
- मूल हवं असेल. गर्भधारणेच्या किमान २ महिने आधी सेमाग्लुटाइड आणि किमान १ महिना आधी टिरझेपेटाइड थांबवतात.
- गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल. टिरझेपेटाइड सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर ४ आठवडे दुसरं साधनही वापरा. पीसीओडी असलेल्या मुलींची पाळी वजन उतरल्यावर नियमित होऊ शकते आणि नको असताना दिवस जाऊ शकतात.
- कसलंही ऑपरेशन ठरलं असेल. पोटात अन्न उरलं तर भूल देताना धोका असतो. भूलतज्ज्ञांना हे औषध चालू असल्याचं स्वतःहून सांगा.

त्रास कोणते?

मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता, करपट ढेकर हे त्रास बऱ्याच जणांना होतात. बहुधा सुरुवातीला आणि मात्रा वाढवताना होतात, मग ओसरतात. म्हणूनच सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून आणि टिरझेपेटाइड २.५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि पुढची पायरी किमान ४ आठवड्यांनी चढतात. लवकर उतरावं म्हणून पायऱ्या गाळू नका. थोडं-थोडं खा, तळलेलं आणि तिखट कमी करा, पोट भरलं की थांबा.

पुढीलपैकी काही झालं तर वाट पाहू नका. तातडीने दवाखान्यात जा, गरज पडल्यास १०८ ला फोन करा:

- पाठीकडे जाणारी, न थांबणारी तीव्र पोटदुखी.
- उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे होणं.
- पाणीसुद्धा पोटात न टिकणं, लघवी फार कमी होणं.
- अचानक एका डोळ्याने दिसेनासं होणं. हे अत्यंत विरळा आहे, पण इथे वेळ फार मोलाचा असतो.
- घाम, थरथर, गरगरणं. साखर तपासा, आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचं पाणी द्या.
- चेहरा किंवा घसा सुजणं, श्वास लागणं.

उतरलेल्या वजनात सगळी चरबीच नसते. चाचण्यांमध्ये घटलेल्या वजनापैकी साधारण २५ ते ४० टक्के भाग स्नायूंसह चरबी नसलेल्या ऊतींचा होता. साठी ओलांडलेल्यांसाठी हे महत्त्वाचं आहे, कारण पायातली ताकद गेली तर पडण्याचा धोका वाढतो. भूक कमी झाली तरी प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीतच: मटकी, हुलग्याचे शेंगोळे, डाळ, अंडी, दूध-दही, चालत असेल तर मासे-मटण. सोबत चालणं आणि आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून उठ-बस किंवा वजन उचलण्यासारखे ताकदीचे व्यायाम.

खर्च वर्षाचा मांडा

बाजारात येताना माउंजारोची २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती. एक कुपी एका आठवड्याची. पहिला महिना १४,००० आणि पुढचे महिने १७,५०० धरले तर वर्षाला दोन लाखांच्या वर जातात. वेगोवीच्या सुरुवातीच्या मात्रेची किंमत बाजारात येताना महिन्याला १७,३४५ रुपये होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने ती बरीच खाली आणली. भाव बदलत राहणार, म्हणून खरेदीच्या दिवशी महिन्याभराचा दर विचारा आणि त्याला १२ ने गुणा. त्यात धरा:

- मात्रा वाढल्यावर वाढणारी किंमत.
- तपासण्या, डॉक्टरांची फी, बीड किंवा अहिल्यानगरला जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडणारी मजुरी.

महात्मा फुले जनआरोग्य योजना दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. दर आठवड्याचं हे इंजेक्शन त्यातून मिळत नाही. खासगी विम्यातही ते सहसा बसत नाही. दोन-तीन महिन्यांपुरते पैसे असतील आणि पुढची सोय नसेल तर सुरूच न करणं शहाणपणाचं. उसाचं बिल किंवा ऊसतोडीची उचल हाती आली म्हणून सुरू केलेलं औषध पावसाळ्यात बंद पडलं, तर पैसा जातो आणि वजन परत येतं.

पाटोद्यात औषध सांभाळताना

- थंडावा: इंजेक्शनची न उघडलेली पेनं किंवा कुप्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. बाहेर ३० अंशांपर्यंत ठरावीक दिवसच टिकतात; किती ते खोक्यातल्या माहितीपत्रकात असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वीजही जाते. घरात चालू फ्रिज नसेल तर महिन्याभराचा साठा आणू नका.
- बर्फ: बर्फकप्प्यात ठेवू नका. गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नाही.
- प्रवास: शहरातून आणताना थंड डब्यात आणा, बर्फाची पिशवी औषधाला थेट चिकटू देऊ नका. एसटीच्या खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका.
- ऊसतोडीचा हंगाम: दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जाऊन चार-पाच महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणार असाल तर तिथे ना फ्रिज, ना तपासणी. हंगामाच्या तोंडावर हे औषध सुरू करू नका.
- ऊन आणि पाणी: या औषधात तहानही कमी लागू शकते. शेतात काम करताना ठरवून पाणी प्या. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस.
- उपवास: श्रावण-नवरात्रात निर्जळी टाळा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा.

या चुका टाळा

- चिठ्ठीविना मेडिकलमधून घेणं, किंवा नातेवाइकाचं पेन वापरणं. सुई बदलली तरी एक पेन दोघांत वापरायचं नसतं.
- पैसे वाचवायला एका मात्रेची कुपी दोन आठवडे पुरवणं. त्यात जंतू जाण्याचा आणि मात्रा चुकण्याचा धोका आहे.
- मोबाइलवरच्या जाहिरातीतून स्वस्तात मागवणं. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिला होता.
- ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी वजनाची पावडर आणि कॅप्सूल. सिब्युट्रामिन हे वजनाचं औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झालं. तरी अमेरिकेच्या औषध प्रशासनाला अशा ‘नैसर्गिक’ उत्पादनांत ते पुन्हा पुन्हा सापडलं आहे.
- थायरॉइडचा आजार नसताना वजनासाठी थायरॉइडच्या गोळ्या घेणं. हृदयाचे ठोके बिघडतात.
- दोन आठवडे इंजेक्शन चुकल्यावर थेट जुन्याच मोठ्या मात्रेवर परतणं. आधी डॉक्टरांना फोन करा.

तुमचे हक्क

- चिठ्ठी: ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येतात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, मात्रा, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असावा.
- बिल: बॅच क्रमांक आणि मुदत लिहिलेलं पक्कं बिल मागा. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.
- कागदपत्रं: मागणी केल्यावर ७२ तासांत डॉक्टरांनी तुमच्या उपचारांच्या नोंदी द्याव्यात असा नियम आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्कही तुमचाच.
- जाहिरात: लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे.
- तक्रार: बनावट औषध किंवा चिठ्ठीविना विक्रीबद्दल अन्न व औषध प्रशासन, १८००-२२२-३६५. दुष्परिणाम कळवायला १८००-१८०-३०२४. हे रुग्ण स्वतःही करू शकतो. ग्राहक म्हणून फसवणूक झाली तर १९१५.

समजून न घेता दिलेल्या होकाराची किंमत बीड जिल्ह्याइतकी कुणाला माहीत नसेल. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ‘पुढे कॅन्सर होईल’ या भीतीपोटी कित्येकींनी मान डोलावली होती. म्हणून औषध कितीही चांगलं असो, ‘मला समजलं नाही, पुन्हा सांगा’ म्हणायला संकोचू नका. घरी जाऊन विचार करून येते, असं म्हणायचा अधिकार प्रत्येक बाईला आणि प्रत्येक पुरुषाला आहे.

डॉक्टरांना हे विचारा

एमडी मेडिसिन किंवा संप्रेरकतज्ज्ञांना भेटा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

1. माझ्या बाबतीत या औषधाचा मुख्य फायदा कोणता: साखर, हृदय, गुडघे की फक्त वजन?
2. सुरू करण्याआधी कोणत्या तपासण्या? (साधारणपणे तीन महिन्यांची साखर, किडनी, यकृत, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, रक्तदाब.)
3. माझ्या आताच्या गोळ्यांपैकी कोणत्या कमी करायच्या?
4. त्रास झाला तर रात्री कुणाला फोन करायचा?
5. सोसेल त्या सर्वांत मोठ्या मात्रेवर सहा महिन्यांत ५ टक्केही वजन उतरलं नाही तर काय करायचं?
6. किती काळ घ्यायचं आणि थांबवायचं झालं तर कसं?

इंजेक्शन नको किंवा परवडत नसेल तर

हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. ८० किलोच्या माणसाने ४ किलो उतरवले तरी साखर आणि रक्तदाब सुधारायला लागतात.

- दोन चमचे साखरेचे पाच कप चहा म्हणजे दिवसाला सुमारे ५० ग्रॅम साखर. ती निम्मी करा.
- भाकरी सोडू नका, मोजून खा. ताटात अर्धी भाजी-कोशिंबीर, पाव डाळ-उसळ, पाव भाकरी.
- आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला. शेतातलं काम असेल तर तेही धरा.
- ग्रामीण रुग्णालयात मधुमेह-रक्तदाबाची मोफत तपासणी करून घ्या. अधिक मदत लागली तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. घरबसल्या सल्ल्यासाठी सरकारची मोफत ‘ई-संजीवनी’ सेवा आहे.
- वजन फारच जास्त असेल तर शस्त्रक्रियेचा पर्यायही विचारा. बीएमआय किमान ४०, किंवा किमान ३५ आणि गंभीर आजार असेल, तर विमा कंपनीच्या अटी पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रियेला विम्याचा आधार मिळू शकतो.

वजन वाढलं म्हणून कुणी लाज बाळगू नये आणि औषधाची गरज पडली म्हणूनही नाही. या आठवड्यात एवढंच करा: उंची, वजन आणि पोटाचा घेर मोजून कागदावर लिहा, खाली चालू गोळ्यांची नावं आणि वर्षाला किती खर्च झेपेल तो आकडा लिहा. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. मग निर्णय ‘हो’ असो की ‘नाही’, तो तुमच्या शरीराला आणि तुमच्या घराला मानवेल असा घेता येईल.